पूजेतला पाना

पिराजीच्या शर्टावर ‘राज’ अशी पाटी होती. राजारामपुरीतल्या ज्या शोरूममध्ये तो कामाला होता, तिथल्या साहेबांना ‘पिराजी’ हे नाव गिऱ्हाइकासमोर नको वाटायचं. आजोबांचं नाव होतं ते. कोडोलीच्या घरात एक पिढी सोडून येणारं. सुरुवातीला कुणी ‘राज सर’ म्हटलं की तो मागं वळून बघायचा, दुसरं कुणी आहे का ते. आता वळत नसे. लगेच ‘बोला सर’ म्हणे.

वय सत्तेचाळीस. आयटीआयला मोटार मेकॅनिक होऊन तो बाहेर पडला, नऊ वर्षं एका पत्र्याच्या गॅरेजात गोणपाटावर इंजिनं उघडत बसला, मग शोरूमच्या वर्कशॉपात लागला आणि तिथं हात चांगला म्हणून त्याला बढती मिळाली. बढती म्हणजे काचेची खोली. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, टॅबवर लिहायची आणि काचेपलीकडच्या मेकॅनिकला सांगायची. काचेच्या दाराबाहेर फरशीवर एक पिवळा पट्टा मारलेला होता. पट्ट्याच्या अलीकडं तो, पलीकडं गाड्या. पहिल्या आठवड्यात तो दोनदा पट्टा ओलांडून गेला, तेव्हा साहेब हसून म्हणाले होते, “राज, आता हात काळे करायचे नाहीत. गिऱ्हाईक बघतंय.” त्यानंतर चौदा वर्षांत त्याला कुणी अडवलं नव्हतं. अडवायची गरजच पडली नव्हती. पट्ट्यापाशी आला की त्याचा पाय आपोआप थांबे.

काचेतून बघता बघता पलीकडचं कामही बदललं. मेकॅनिक आता गाडीला लॅपटॉप जोडत. गाडी आपलं दुखणं आकड्यात सांगे. आकडा आला की तो अख्खा भाग काढायचा, टाकून द्यायचा, नवा बसवायचा. दुरुस्त असं काही व्हायचंच नाही. कान लावून इंजिनाचा आवाज ऐकणारा माणूस त्यानं कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

गेल्या महिन्यात घरची जुनी स्कूटर विकली आणि दसऱ्याला नवी गाडी घ्यायचं ठरलं. एकच गाडी. तेव्हा पिराजीला पहिल्यांदा वाटलं की ही एक वस्तू तरी आपण निवडावी. नोकरी मामांनी निवडली होती, फ्लॅट सासऱ्यांनी, नाव साहेबांनी. त्याला अशी गाडी हवी होती की जी रस्त्यात बंद पडली तर रस्त्यातच गोणपाट टाकून उघडता यावी. जिच्यात काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसावं, हाताला लागावं. आणि जिला स्वतःचा स्वभाव असावा. नवख्यानं किक मारली तर ऐकू नये, ओळखीच्यानं मारली तर एकीत ऐकावं.

त्यानं पुष्कळ विचार केला. बुलेट नको, कारण ती बसणाऱ्याला मोठं करते, आणि त्याला मोठं व्हायचं नव्हतं. राजदूत भोळी होती, पण कोडोलीचे दूधवाले तिला कॅन बांधून इतके फिरले होते, की तिच्यावर बसलं की मागं दूध हिंदकळल्यासारखं वाटायचं. शेवटी त्याचं मन येझदीवर येऊन बसलं. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पोटात साधं इंजिन, आणि किक मारायचा दांडा तोच खाली पाडला की गिअरचा दांडा. एकाच लोखंडाला दोन कामं. गॅरेजात असताना त्यानं अशा तीसेक तरी खोलून पुन्हा जोडल्या होत्या. डोळे बांधले तरी जोडल्या असत्या.

त्याची बायको अनुजा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, मी सकाळी तिला किक मारत बसू, का दवाखाना उघडू? आणि तुमच्या लेकीला, मैथिलीला, क्लासला कोण सोडणार, धूर?”

“शिकवतो की तुला.”

“शिकवा. पण खोलणार कुठं? खाली पार्किंगमध्ये गाडी धुतली तरी सोसायटीची चिठ्ठी येते.”

शोरूमचे साहेबही मागं लागले होते. दसऱ्याला किती गाड्या गेल्या पाहिजेत याचा आकडा वरून आला होता आणि स्टाफनं आपली घ्यावी अशी अपेक्षा होती. बॅटरीवरची एक स्कूटर त्याच्या नावानं बाजूला काढून ठेवलेलीच होती. अनुजा बिचारी त्याच्या तोंडाकडं बघून थोडी नरमली. म्हणाली, “असं करा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही तुमच्या त्या गाडीवर बसून, चालवत दारात आलात तर ती. नाहीतर सकाळी साडेदहाला शोरूमला जाऊन ती आणायची. मी परत तोंड उघडणार नाही.”

येझदी सापडली कबनूरला. यंत्रमागाच्या एका शेडमध्ये, सुताच्या बाचक्यांमागं. मालक आण्णा, सत्तरीच्या पुढचे. दोन वर्षांमागं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना किक मारता येत नव्हती. फोनवर त्यांनी आवाज मोठा करून सांगितलं, “दोन गिऱ्हाइकं हाईत. मला भाव न्हाय करायचा. जो हितं, माझ्या म्होरं चालू करंल त्येला देणार. तुमी पयला फोन केलासा, तुमी पयलं या. चार वाजंपतोर तुमचा टाइम. मग दुसरा.”

पिराजीनं दिवस निवडला खंडेनवमीचा. वर्कशॉप सकाळी पूजा करून बंद होणार, अर्धी सुट्टी. यंत्रमागही बंद, म्हणजे शेडमध्ये गडबड नाही. सगळं जुळून आलं होतं.

त्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच्या पान्यांची पिशवी शोधली तर ती देवासमोर मोकळी झालेली होती. अनुजानं पाटावर लाल कापड टाकून एकेक पाना मांडला होता, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. शेजारी भाजीची विळी आणि मैथिलीचा कंपास. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं वाद घातला नाही. शेडमध्ये पान्यांचा काय तोटा, असं मनात म्हणाला. नवा प्लग शर्टाच्या खिशात टाकला, टू-स्ट्रोकच्या ऑइलची पिशवी घेतली आणि शोरूमची पूजा उरकून एसटीत बसला.

कबनूरला उतरून शेडपाशी आला तेव्हा पहिल्यांदा त्याला ती शांतता खटकली. एरवी इथं बोलायचं तर कानाशी ओरडावं लागे. आज सगळे माग झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते. प्रत्येक मागाच्या कपाळावर कुंकू होतं.

“या पावणं,” बाजेवरून आण्णा म्हणाले. “ही बघा तुमची नवरी. प्यॅट्रोल काडून ठेवलंय डब्यात. काढा भाईर आनि लागा कामाला.”

त्यानं बाचकी सरकवून गाडी अंगणात काढली. काळी टाकी, धुळीनं राखाडी झालेली. त्यानं तळहातानं ती पुसली आणि तो काळा रंग वर आला. “आण्णा, जरा पान्याचा डबा द्या की.”

आण्णांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या.

“पावणं, आज काय हाय?” आण्णांनी विचारलं.

पिराजीनं शेडच्या कोपऱ्याकडं बघितलं. घोंगडीवर अर्धवर्तुळात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची सगळी हत्यारं मांडलेली होती. स्पॅनर, पकडी, हातोडे, कानस, सगळं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून. मधोमध नारळ. आणि नारळाच्या डाव्या अंगाला, आण्णांनी जपून ठेवलेला, येझदीचा प्लग पाना. त्याच्या पोकळ तोंडात कुणीतरी झेंडूचं एक फूल खोचलं होतं.

सुट्टी बघितली होती. सुट्टी कशाची ते बघितलंच नव्हतं. सबंध जिल्ह्यात आज एकही पाना जमिनीवरून उचलला जाणार नव्हता, आणि तो पान्यावाचून गाडी उघडायला आला होता.

“मेकॅनिक म्हनतासा आनि खंडेनवमीला आलासा,” आण्णा म्हणाले. “भले!”

तरी तो हरला नाही. येझदी निवडली होती ती उगीच नव्हे. त्यानं खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं. उजव्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू नाण्याच्या कडेनं सुटतात, हे त्याच्या बोटांना अजून आठवत होतं. झाकण निघालं. आत करंटचे पॉइंट गंजून काळे पडले होते. झुंबरबाईंकडून त्यानं काड्याची पेटी घेतली, तिची खरखरीत बाजू फाडली आणि पॉइंटांच्या फटीत घालून घासू लागला. काळं जाऊन राखी आलं, राखी जाऊन पांढरं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतलं. चौदा वर्षांनी त्याची नखं काळी झाली होती. त्यानं ती उन्हात धरून बघितली, कुणी बघत नाहीसं बघून.

मग किक. एक, दोन, दहा, तीस. गाडी आतल्या आत घुसमटून गप्प होई. त्यानं कान लावला. करंट येतोय, पेट्रोल येतंय. जुना प्लग मेलाय. बाकी काही नाही. प्लग काढायचा, खिशातला नवा लावायचा, गाडी चालू.

पाना तेवढा हवा.

तो कबनूरभर फिरला. हार्डवेअरचं दुकान बंद, दारावर आंब्याचं तोरण. दोन गॅरेजं बंद. एका घरी नव्या गाडीच्या सीटखालचा पाना मिळाला, पण आजच्या गाड्यांचा पाना येझदीच्या प्लगला बसत नाही. कपडा गुंडाळून हातानं पिळून बघितलं. बोटांची सालं निघाली. दोन वाजता अनुजाचा फोन आला.

“झाली का हो चालू? शोरूममधून विचारत होते, उद्याची वेळ पक्की धरायची का म्हणून.”

“थांब म्हणावं. थोडक्यात अडलंय.”

त्याचा हा फोन ऐकून झुंबरबाई म्हणाल्या, “उचला की ओ त्यो पाना. देव काय खातोय व्हय? हात जोडा आनि उचला.”

“घ्या, घ्या,” आण्णाही म्हणाले. “मी म्हनतोय न्हवं. माग माझं, हत्यारं माझी, पाप माझं.”

पिराजी देव मानत नव्हता. अवसेला शोरूमच्या दारात लिंबूमिरची बांधायचं काम त्याच्याकडं होतं आणि बांधताना तो मनात हसायचा. तो उठला. घोंगडीपाशी गेला. वाकला. पाना दोन हातांवर होता. फुलाच्या पाकळीवर एक मुंगी चालत होती, तीही त्याला दिसली.

हात पुढं झाला नाही.

त्यानं हाताला सांगून बघितलं. हात आपला मांडीशीच. भीती नव्हती, पाप लागेल असंही वाटत नव्हतं. कुणी अडवलंही नव्हतं, उलट दोन माणसं मागून उचला उचला म्हणत होती. घोंगडीची कड तेवढी मध्ये होती, करड्या लोकरीची, बोटभर रुंद. तो तिच्याकडं बघत उभा राहिला. मग पाय अवघडले म्हणून परत येऊन गाडीशेजारी बसला.

“ऱ्हायलं,” तो म्हणाला. “दुसरं काय जमतंय का बघतो.”

दुसरं काही नव्हतं हे त्याला माहीत होतं. झुंबरबाईंनी त्याला चहा दिला.

साडेतीनला एक टेम्पो अंगणात शिरला. त्यातून सत्तावीस-अठ्ठावीसचा एक तरुण उतरला, राजवर्धन नावाचा. पन्हाळ्याच्या रस्त्याला त्याचं हॉटेल होतं.

“आण्णा, मला तशी चालू नको ओ. भिंतीला लावायची हाय. वर लायटिंग.”

“भिंतीला लावायला मी हाय की,” आण्णा म्हणाले. “थोडं दिस दम धर, हार घालून लाव. गाडी चालू झाली पायजे. पावण्यांचा टाइम चारपतोर हाय, तवर च्या पी.”

तो चहा पीत बसला. पिराजीनं आणखी बारा-पंधरा किका मारल्या. बसून राहिलं तर बरं दिसत नाही, म्हणून. आण्णांच्या घरातल्या घड्याळात चार वाजले ते बाहेर ऐकू आलं.

राजवर्धन उठला. “काय अडलंय काका?”

“पाना अडलाय,” झुंबरबाई म्हणाल्या आणि कोपऱ्याकडं बोट केलं.

तो गेला. चपला काढल्या, प्लग पाना उचलला, फूल काढून नारळावर ठेवलं, पाना कपाळाला लावला, “माफ कर गं आई” म्हणाला आणि परत आला. एसटीचं तिकीट काढायला लागतो तेवढाच वेळ लागला. घोंगडीवर पान्याच्या आकाराची मोकळी जागा तेवढी राहिली.

त्यानं पाना प्लगला लावला आणि जोर केला. उजवीकडं. पिराजीनं मान फिरवली. हेड अॅल्युमिनियमचं, आतले आटे नाजूक. प्लग असा आवळत नेला तर आटे जातील, आटे गेले की हेड गेलं. मग ती खरंच भिंतीलाच लागेल. ‘मला काय त्याचं,’ असं त्यानं स्वतःला बजावलं. ती गेली तर हाही हरेल. आण्णा कदाचित दुसरा दिवस देतील. राजवर्धननं पाय टाकीला लावून पुन्हा जोर केला. लोखंड किंचित कुरकुरलं.

“डावीकडं,” पिराजी म्हणाला.

“आं?”

“डावीकडं फिरवा. हळू. पाना सरळ धरा, वाकडा न्हाय. व्हय. आता सोडा, हातानं काढा.”

जागेवरून न उठता तो सांगत राहिला. त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला. काचेच्या खोलीतला, शांत, मऊ. जुना प्लग निघाला, कोळशासारखा. राजवर्धन तो हातात धरून उभा राहिला. पिराजीनं खिशातला नवा प्लग काढून त्याच्यापुढं धरला. “आधी बोटांनी लावा. शेवटचा पाव आटा पान्यानं. बास. आता चावी बंद ठेवून दोन किका मोकळ्या मारा. आता चावी.”

पहिली किक गेली. दुसरी गेली. तिसरीला गाडीनं पांढऱ्या धुराचा एक लोट टाकला आणि दोन्ही सायलेन्सरमधून तो आवाज आला. पितळी भांड्यावर चमचा वाजवत कुणीतरी जिना उतरतंय, असा. रिकाम्या शेडमधून तो फिरून परत येऊ लागला.

“रेस दिऊ नगंस,” आण्णा डोळे मिटून म्हणाले. “ऐकू दे.”

सगळे ऐकत राहिले. पिराजीला त्या आवाजात एक चूक ऐकू आली. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा जास्त मोकळा होता. त्यानं ती सांगितली नाही.

गाडी बंद केल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, “ह्या पावण्यांनी चालू केली. आमच्या डोळ्याम्होरं.”

“किक कुनी मारली?” आण्णा म्हणाले.

“पर सांगितलं कुनी? प्लग कुनाचा?”

“ते बी खरंच.” आण्णांनी काठी टेकून पिराजीकडं तोंड केलं. “पावणं, तुमीच सांगा. तुमी म्हनशीला ते. कुनी चालू केली?”

अंगणात सगळे त्याच्याकडं बघत होते. राजवर्धनसुद्धा, आणि त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. पिराजीनं तोंड उघडलं. ‘मी’ एवढं एकच अक्षर होतं ते.

“त्यांनीच, सर,” तो म्हणाला.

मग चावी आण्णांनी राजवर्धनच्या हातात दिली, जरा आपटूनच.

राजवर्धनला किकचा दांडा गिअरला पाडायचा कसा ते कळेना. पिराजीनं दाखवलं: आत दाबायचा, खाली सोडायचा. अंगणातल्या अंगणात गाडी तीनदा बंद पडली. शेवटी तो म्हणाला, “जाऊ द्या, टेम्पोतनंच नेतो. काका, तुमी कोल्हापूरलाच न्हवं? मग चला की. दोरी न्हाय आणलेली, मागं जरा धरून बसला तर बरं हुईल.”

असा पिराजी येझदीबरोबर कोल्हापूरला निघाला. टेम्पोच्या हौद्यात उभा राहून, पाय फाकवून, दोन्ही हातांनी हँडल धरून. हौदा हलत होता आणि स्टँडवर गाडी ठरत नव्हती. खड्डा आला की ती त्याच्या अंगावर यायची, तो छातीनं तिला परत रेटायचा. इंजिन अजून गरम होतं. त्याची धग नडगीला लागत होती. रस्त्यात सगळीकडं उद्याची आपट्याची पानं आणि झेंडूचे ढीग घेऊन माणसं बसली होती, आणि ती त्याच्याकडं बघून हात करत होती. नवी गाडी घेऊन चाललाय असंच त्यांना वाटत असणार. खिशातला फोन दोनदा वाजला. हात सोडता येत नव्हता, म्हणून त्यानं वाजू दिला.

राजारामपुरीच्या कोपऱ्यावर टेम्पो थांबला. मागं लगेच रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. राजवर्धननं केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

“काका, आलं तुमचं. उतरा!”

पिराजी तसाच उभा राहिला. पन्हाळ्याचा रस्ता अजून पुढं होता.

“उतरतो,” तो ओरडला. “पण आधी कुनीतरी येऊन हिला धरा की!”

हॉर्नच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही. राजवर्धन पुन्हा काहीतरी म्हणाला, हातानं खूण केली, आणि वाट बघू लागला.